घरात मधुमेह, ताटावरून वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइप २ मधुमेह असलेल्या घरांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. वाद "खायचं की नाही खायचं" असा रंगतो, आणि उत्तर बहुतेक वेळा किती, कशाबरोबर आणि कोणत्या गोळीवर यात सापडतं. म्हणून खाली वाट्या, ग्रॅम आणि मीटरचे (घरी शुगर मोजायच्या यंत्राचे) आकडे दिले आहेत. कर्बोदकांची मापं घरगुती अंदाजाची आहेत, चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे होणारच. रक्तातल्या साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहेत. गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस मात्र हे वाचून बदलू नका, तो डॉक्टरांशी बोलूनच बदलायचा.

मधुमेह घरात एकालाच आहे. त्यांचा स्वयंपाक वेगळा करायचा का?

नको. वेगळा स्वयंपाक फार दिवस टिकत नाही. करणारी थकते, खाणाऱ्याला आपण पंगतीबाहेर पडलो असं वाटतं, आणि मग एके रात्री भाताचं पातेलं उघडलं जातं. शिवाय आई, वडील किंवा भाऊ-बहिणीला टाइप २ असेल तर इतरांनाही तो होण्याची शक्यता वाढते. म्हणजे जे एकाला सोसतं ते सगळ्यांच्याच हिताचं आहे.

स्वयंपाक एकच ठेवा, माप वेगळं ठेवा. चौघांच्या आमटीत सुपारीएवढा गुळाचा खडा पडतो, साधारण १० ग्रॅम. प्रत्येकाच्या वाट्याला त्यातला अडीच ग्रॅम येतो. त्यावरून सासू-सुनेनं भांडावं इतकं त्यात काही नाही. त्याच जेवणातला जास्तीचा वाटीभर भात ४० ग्रॅम कर्बोदकं आणतो, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. भाताची वाटी, पोळ्यांची संख्या आणि गोडाचा वाटा या तीन गोष्टी माणसागणिक वेगळ्या असू द्या. बाकी ताट सगळ्यांचं सारखंच.

नेमकं किती खायचं? घरातला प्रत्येक जण वेगळं सांगतो.

ताटाचं अर्धं वर्तुळ भाजी आणि कोशिंबिरीचं, पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे, पनीर यांपैकी कशाचा तरी, आणि उरलेला पाव भाग भात, पोळी किंवा भाकरीचा. आपल्याकडे ताटाची डावी बाजू चटणी-कोशिंबिरीची. ती चमचाभर वाढून मोकळी सोडली जाते. ती बाजू भरायला लागलात की निम्मं काम होतं. बटाटा, रताळं, सुरण यांची भाजी मात्र धान्याच्या पाव भागात मोजायची.

आता आकडे. पातळ फुलक्याला २५ ग्रॅम कणीक लागते, त्यात सुमारे १६ ग्रॅम कर्बोदकं. घडीच्या पोळीत २५ ग्रॅमच्या आसपास. हातावरची चांगली भाकरी ६० ग्रॅम पिठाची, म्हणजे ४० ग्रॅम. वाटीभर शिजलेला भात १५० ग्रॅमचा, त्यातही कर्बोदकं ४० ग्रॅमच. कोरडी डाळ ३० ग्रॅम शिजवली तर वाटीभर घट्ट वरणातून १७-१८ ग्रॅम कर्बोदकं आणि ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. कपभर दुधात १० ग्रॅम, मध्यम केळ्यात २२-२३. बशीभर पोह्यांना ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात, म्हणजे ४५ ग्रॅमच्या वर. एका जेवणाला सगळं मिळून ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करा आणि मीटर बघत कमी-जास्त करा. उंची, वजन, कष्ट आणि औषधं यांवर प्रत्येकाचा आकडा वेगळा ठरतो.

"एक वाटी" या शब्दानंही वाद होतात. एकाच फडताळात १०० मिलीची वाटी असते आणि २०० मिलीचीही. एक वाटी ठरवा, तिच्यात पाणी मोजून बघा, तळाला खूण करा. घरात छोटा वजनकाटा असेल तर आठवडाभर पीठ आणि भात तोलून घ्या. पुढे डोळा बसतो, काट्याची गरज उरत नाही.

खाण्याचा क्रमही बदलून पाहा. आधी कोशिंबीर, मग भाजी-उसळ, मग भाकरी आणि शेवटी भात. तेच जेवण या क्रमानं घेतलं तर बऱ्याच जणांची नंतरची शुगर कमी चढते.

ज्वारीची भाकरी कितीही चालते ना?

नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातली कर्बोदकं गव्हाच्या पिठाहून कमी नाहीत, थोडी जास्तच भरतील. भाकरीत कोंडा राहतो, पोट लवकर भरतं आणि ती चावून खावी लागते, हा तिचा खरा फायदा. पण दोन फुलके सोडून दोन जाड भाकऱ्या खाल्ल्या तर ३२ ग्रॅमचे ८० ग्रॅम झाले. "पोळी बंद केली तरी शुगर उतरत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. नाचणीचंही तसंच. नाचणीची भाकरी ठीक आहे. गाळून केलेलं सत्त्व दुधात शिजवून प्यायलं तर ते पटकन पचतं आणि शुगरही पटकन चढते.

आई म्हणते, साखर वाईट, पण गूळ आणि मध चालतो.

गूळ उसाचाच. त्यात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण शंभर ग्रॅममधली जवळजवळ ८५ ग्रॅम साखरच असते. मधात ८० ग्रॅमच्या आसपास. चमच्याला चमचा धरला तर रक्तासाठी फारसा फरक नाही. आईला "तुला काय कळतं" म्हणण्याऐवजी मीटर हातात द्या. एक दिवस साखरेचा चहा, एक दिवस तेवढ्याच गुळाचा, दोन्ही वेळा आधी आणि नंतर तपासणी.

चहाचा हिशेब मात्र घरातल्या सगळ्यांनी करून बघावा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना २,००० कॅलरीच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, तीही मधुमेह नसलेल्यांना. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी केला तर जिभेला फारसं कळत नाही. "शुगर फ्री" बिस्किटांत मैदा तसाच असतो, ती चहासोबत मोकळ्या हातानं खाऊ नयेत.

हापूस खायचा की नाही? दर मे महिन्यात हाच वाद.

शंभर ग्रॅम आंब्याच्या गरात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका फुलक्याएवढी. मध्यम हापूसमधून सव्वाशे-दीडशे ग्रॅम गर निघतो. शुगर आटोक्यात असेल तर अर्धा आंबा, फोडी करून, त्या जेवणातला एक फुलका वगळून खाता येतो. आमरसाचं गणित वेगळं. वाटीभर रसात एक-दीड आंबा जातो, वर चमचाभर साखर पडते, चावायचं काही नसतं, आणि सोबतीला पुऱ्या. ज्यांची जेवणानंतरची शुगर २०० च्या पुढे राहते त्यांनी आधी ती खाली आणावी, आंबा पुढच्या आठवड्यातही बाजारात असेल. पेरू, जांभूळ, संत्रं, पपई यांचा वाटा थोडा मोठा चालतो. फळांचा रस मात्र कुठल्याच फळाचा नको.

कोकणात, गोव्यात जेवणच भाताचं. भात बंद करून बाबा जगणार कसे?

भात बंद करायची गरज नाही. भात, माशाची आमटी आणि तळलेला तुकडा या ताटात वाढवायची ती भाजी, आणि आवरायचा तो भाताचा डोंगर. दुपारी एक खुणेची वाटी, रात्री अर्धी. उकडा तांदूळ साध्या पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा सहसा सावकाश साखर चढवतो, तोच ठेवा. पण त्याचाही डोंगर नको. मासे शंभर ग्रॅम घेतले तर १८-२० ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि कर्बोदकं जवळपास नसतात. भाताची जागा पोटात माशानं भरू द्या. पेज प्यायची सवय असेल तर ती भातात मोजा.

तो तर काटकुळा आहे. त्याला कसला डायबेटीस आणि कसलं पथ्य?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनमधल्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा) अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबी जास्त, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात, आणि पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमी ही धोक्याची रेघ. बारीक माणसानं वजन उतरवायच्या मागे लागू नये. स्नायू टिकवणारी प्रथिनं आणि थोडा वजनांचा व्यायाम हेच त्याचं पथ्य.

रात्री ११०, सकाळी १६०. आम्हाला खात्री आहे, बाबा रात्री उठून खातात.

खात्री बाळगू नका. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्याचं इन्सुलिन ती आवरतं, मधुमेहीचं आवरू शकत नाही. घास न खाताही उपाशीपोटीचा आकडा चढतो. या एका आकड्यावरून कितीतरी वडील, सासरे आणि नवरे उगाच चोर ठरले आहेत.

दोन-तीन रात्री असं तपासा : झोपताना, पहाटे ३ वाजता आणि उठल्यावर. तीनला ठीक आणि सातला जास्त असेल तर ती पहाटेची वाढ आहे. तीनला ७० च्या खाली असेल तर रात्रीचं औषध जास्त होत असू शकतं, ते लगेच डॉक्टरांना कळवा. झोपल्यापासूनच आकडा चढत असेल तर रात्रीचं जेवण उशिरा किंवा जड होतंय. हे तीन आकडे लिहून नेले तर डॉक्टरांना नेमका बदल करता येतो. आणि आरोप केला असेल तर तो सगळ्यांसमोर मागे घ्या.

जंतुसंसर्ग, न झालेली झोप, चुकलेली गोळी, गुडघ्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यांनीही शुगर चढते. आकडा बघून ताटाकडे बोट दाखवण्याआधी एवढं तरी विचारा.

मीटरवर एकदा १८०, लगेच दुसऱ्यांदा १९५. मग विश्वास कशावर ठेवायचा?

हे दोन्ही आकडे एकच धरा. घरगुती मीटरला प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खरी शुगर १८० असेल तर मीटर १५३ ते २०७ मधलं काहीही दाखवू शकतो. हात साबणानं धुऊन पुसा. आंबा चिरलेल्या बोटावरचा थेंब भलताच आकडा देतो. बोटाच्या मध्यावर नको, कडेला टोचा. पट्ट्यांची डबी घट्ट लावा आणि तारीख बघा.

एखाद्या पदार्थावरून घरात दोन पक्ष पडले असतील तर पहिल्या घासाच्या आधी एकदा आणि त्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा. तोच पदार्थ, तेवढाच, तीन वेगळ्या दिवशी. साधारण जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत हे बहुतेकांचं लक्ष्य असतं. तिन्ही दिवस ६०-७० नं चढ होत असेल तर माप कमी करा किंवा सोबतीला उसळ-भाजी वाढवा, आणि पुन्हा मोजा.

एचबीएवनसी हा दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज. अंगात लोहाची कमतरता असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि आपल्या घरांतल्या बायकांमध्ये ही कमतरता नेहमीची आहे. मीटर चांगला आणि एचबीएवनसी वाईट असं दिसलं तर हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

टोकलं तर चिडतात, नाही टोकलं तर खातात. काय करायचं?

जेवताना बोलू नका. हा एकच नियम पाळला तरी घरातला बराच ताण उतरतो. आठवड्यातून एकदा, जेवणाची वेळ सोडून, वही घेऊन बसा आणि पुढच्या आठवड्याचं ठरवा : नाश्त्याला काय, भात दुपारी की रात्री, कुठल्या दिवशी गोड. ठरवणारा तो, ज्याच्या बोटातून रक्त निघतं. बाकीच्यांनी घरात काय आणायचं आणि किती शिजवायचं ते सांभाळावं.

"पुन्हा भात घेतलास?" हे वाक्य उशिरा येतं, तोवर भात ताटात असतो. स्वयंपाकाआधी "आज भात रात्री ठेवू का?" असं विचारलं तर ऐकलं जातं. पाहुण्यांसमोर "त्यांना नको हं, त्यांना शुगर आहे" असं म्हणणं पूर्ण थांबवा. नातवंडांना पाळतीवर बसवू नका.

टोमण्यांमुळे खाणं थांबत नाही, ते लपतं. लपलेल्या खाण्याचा एक धोका घरच्यांच्या ध्यानात येत नाही. डॉक्टरांना सांगितलेलं जेवण कमी आणि आकडे जास्त, म्हणून ते गोळी वाढवतात. मग एखाद्या आजारपणात किंवा प्रवासात लपून खाणं बंद पडतं आणि त्याच वाढीव डोसवर शुगर धाडकन खाली येते. खरं सांगता येईल असं वातावरण घरात ठेवणं हा औषधोपचाराचाच भाग आहे.

मधुमेह आईला आहे. घरात सगळं तीच करते, पण तिच्यासाठी काहीच बदलत नाही.

या प्रश्नावर आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. नवऱ्याला मधुमेह झाला की घरातला गोडाचा डबा रिकामा होतो, बायको फुलके मोजू लागते. बायकोला झाला तर तिनं आपलं आपण सांभाळायचं असतं. सकाळी ८ ला गोळी घेते, सगळ्यांचे डबे, पूजा आणि आंघोळी उरकून तिचा पहिला घास ११ ला पडतो. दुपारचं जेवण सगळ्यांचं झाल्यावर. उरलेला दीड मूद भात टाकवत नाही म्हणून तिच्याच पोटात जातो. चवीपुरतं म्हणत दिवसभर चमचा तोंडात जातो. पट्टी महाग म्हणून ती स्वतःची तपासणी टाळते.

यातला गोळी आणि घासातला अंतराचा भाग धोक्याचा आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड अशी शुगर उतरवणारी गोळी घेऊन तीन तास उपाशी राहिलं तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात "हल्ली फार चिडते". म्हणून नाश्त्याचं पान समोर आल्यावरच गोळी. आणि ते पहिलं पान तिचं, शेवटचं नव्हे.

भात उरू नये याची सोय मापातच करा. माणशी ५० ग्रॅम तांदूळ, चौघांना २०० ग्रॅम, रोज त्याच वाटीनं मोजून. तरी उरला तर तो दुसऱ्या दिवशीचा फोडणीचा भात, आणि तो नाश्त्याऐवजी, नाश्त्यावर नाही. रोज एका वेळची कोशिंबीर आणि भाजी निवडणं घरातल्या पुरुषानं अंगावर घ्यावं. रात्रीच्या जेवणानंतर ओटा तसाच ठेवून तिनं १५ मिनिटं चालून यावं. ओटा कुणीतरी आवरेल, नाही आवरला तर तिथंच राहील.

नवरा "मला ते घासफूस नको" म्हणत असेल तर तो तिला दोन स्वयंपाक करायला लावतो आहे, हे त्याला स्पष्ट सांगावं. आणि सासूबाईंना सुनेचं पथ्य म्हणजे डाएटचं खूळ वाटत असेल तर पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात टिकतं.

उपास सोडायला सासूबाई तयार नाहीत.

आधी उपासाचं ताट बघू. बशीभर साबुदाण्याच्या खिचडीला ७५ ग्रॅम साबुदाणा लागतो. तो जवळपास निव्वळ स्टार्च, त्यातून ६५ ग्रॅम कर्बोदकं. बटाट्याचे आठ-दहा मिळवा. म्हणजे साडेचार फुलके एका बशीत, आणि कोंडा नावाला नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी हे मधुमेह्यांच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. उपास मोडायचा नसेल तर पदार्थ बदला : ४० ग्रॅम भगर, दाण्याची आमटी, काकडी-दही. किंवा राजगिऱ्याच्या पिठाची एक लहान भाकरी आणि भोपळ्याची भाजी. शेंगदाणे, ताक, दही, काकडी उपासाला चालतात आणि शुगरलाही. राजगिऱ्याचा लाडू मात्र गुळाचाच असतो.

हरितालिकेसारखा निर्जळी उपास वेगळा विषय आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर शुगर उतरण्याचा धोका, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर शरीरातलं पाणी घटण्याचा आणि रक्तात आम्ल साचण्याचा. निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा की त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली थांबवायची. घेतलेल्या गोळीवर उपाशी राहणं सगळ्यात वाईट.

रमजानचे रोजे?

तत्त्व तेच. किमान महिनाभर आधी डॉक्टरांकडून डोस आणि वेळा बदलून घ्याव्यात. सहरी शक्य तितकी उशिरा करावी आणि तिच्यात अंडी, डाळ, भाकरी असावी. बोट टोचून तपासल्यानं रोजा सुटत नाही असं बहुतेक धर्मपंडितांचं मत आहे. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा नुकतीच शुगर फार उतरल्याचा प्रसंग असेल तर रोजे न ठेवणंच योग्य.

गणपतीत मोदक, होळीला पुरणपोळी. तेव्हाही नाही म्हणायचं?

म्हणू नका. गोड हे जेवणाच्या बदल्यात घ्यायचं, जेवणावर घ्यायचं नाही. उकडीच्या एका मोदकात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. दोन मोदक खाणार असाल तर त्या जेवणात भात आणि पोळी दोन्ही नको, भाजी, उसळ आणि कोशिंबीर घ्या. पुरणपोळीत एका नगात ५० ग्रॅम. अर्धी घ्या, वर चमचाभर तूप, सोबत कटाची आमटी, आणि गोड दूध टाळा. प्रसादाचा शिरा चमचाभर हातावर घ्या, द्रोण भरून नको.

सणाचा दिवस फारसं बिघडवत नाही. दिवाळीचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत उघडे राहतात, ते बिघडवतात. चकली आणि शेव तिखट असली तरी पिठाचीच. फराळ निम्मा करा, भाऊबीज झाली की उरलेला वाटून टाका.

मुलगा दीक्षितांचं ऐकतो, सून दिवेकरांचं. आम्ही कुणाचं ऐकायचं?

डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खायला सांगतात. मधुमेह असलेल्याच्या घरी हा प्रश्न आधी औषधाच्या चिठ्ठीला विचारायचा. फक्त मेटफॉर्मिन (ही एकटी गोळी सहसा शुगर फार खाली नेत नाही) चालू असेल तर दोन वेळचं जेवण डॉक्टरांना सांगून करून पाहता येतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना आज चार वेळा आणि उद्यापासून दोन वेळा असं केलं, आणि डोस तोच राहिला, तर शुगर उतरणारच. जी पद्धत निवडाल ती तीन महिने पाळा, एचबीएवनसी करा, मग वाद घाला. दर पंधरवड्याला पद्धत बदलली तर काहीच कळत नाही.

शुगर नॉर्मल आली. आता गोळी बंद करून कारल्याचा रस सुरू करू का?

गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आली असू शकते. औषधाशिवाय शुगर ताब्यात राहणं शक्य आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात रोज ८५० कॅलरीच्या आसपासचा आहार तीन ते पाच महिने देऊन वजन उतरवलं, आणि वर्षअखेर ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. पण ते मधुमेह कळून सहा वर्षं न झालेले रुग्ण होते, इन्सुलिनवर नव्हते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. दुसऱ्या वर्षी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला. कारलं, मेथी, जांभळाच्या बिया खाण्यात ठेवायला हरकत नाही. त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नका, आणि रस रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, गोळीबरोबर शुगर जास्त उतरू शकते.

आजी ८२ वर्षांची. आता तरी तिला हवं ते खाऊ द्यावं की नाही?

इथं "खाऊ दे गं तिला" म्हणणाऱ्यांचं बरंचसं बरोबर आहे. या वयात, विशेषतः इतर आजार असताना, एचबीएवनसी ७ च्या खाली आणण्याचा आग्रह डॉक्टरही धरत नाहीत. ८ च्या आसपास पुष्कळदा पुरतं. या वयात शुगर उतरून तोल जाणं आणि खुब्याचं हाड मोडणं हा चढलेल्या शुगरपेक्षा जवळचा धोका असतो. वजन घटत असेल, पंजाची पकड सैल होत असेल तर पथ्य आणखी कडक करणं चूकच. दात नसतील तर मऊ मुगाची खिचडी, दही, अंडं, पनीर कुस्करून, माशाचा मऊ तुकडा द्या. रोज संध्याकाळी अर्धा पेढा हवा असेल तर तो जेवणातल्या भातातून वजा करून द्या.

सुनेनं कमी वाढलं की "उपाशी ठेवते" असा बोल लागतो. खुणेची वाटी आजीच्याच हातात द्या, तिनं स्वतः वाढून घ्यावं.

अचानक घाम आणि थरथर. एक जण म्हणतो साखर द्या, दुसरा म्हणतो शुगर आहे, देऊ नका.

साखर द्या. शक्य असेल तर मीटर लावा, तो हाताशी नसेल तर वाट बघू नका. तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात ढवळून, म्हणजे १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, अशा घरात ग्लुकोज पावडर ठेवाच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हे घरातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असावं.

डॉक्टरांकडे सोबत कोणी जायचं आणि काय न्यायचं?

स्वयंपाक करणारं आणि सामान आणणारं माणूस सोबत असावं. दर वेळी एकच व्यक्ती जाऊन घरी येऊन सांगते, आणि सांगताना आपल्या बाजूचं तेवढंच सांगते, असं होऊ देऊ नका. तीन दिवसांचं खरंखुरं खाणं वाट्यांत लिहून न्या, चहा आणि चिवड्यासकट. त्या दिवसांचे जेवणाआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी लिहा. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका, काढे आणि चूर्णंही. क्रिएटिनिनचा आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट जुना झाला असेल तर तो करायला सांगा, कारण मूत्रपिंडावर परिणाम असेल तर प्रथिनं, फळं यांचा इथला सल्ला तसाच लागू होत नाही, आहारतज्ज्ञाकडून वेगळं पान लिहून घ्यावं लागतं. वादातला प्रश्न वहीत सगळ्यात वर लिहा, "रात्री भात किती" असा नेमका, आणि दोघांच्या देखत विचारा.